इंजिन हाती आहे, फ्रेम कोणती शोधावी?

वाचकांचे प्रश्न : दुचाकी

प्रश्न : मी इचलकरंजीत यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर आहे. माझ्या थोरल्या मामांकडे १९८९ सालची ३५० सीसीची बुलेट होती. त्यांच्या पश्चात ती कित्येक वर्षे पडवीत उभी राहिली, चेसिस खालून गंजून गेली आणि शेवटी घरच्यांनी ती कापून भंगारात दिली. इंजिन आणि गिअरबॉक्स मात्र मामींनी माझ्यासाठी राखून ठेवला. मी ते पूर्ण उघडून, पिस्टन आणि बेअरिंगे नवी घालून पुन्हा जुळवले आहे. लोखंडी घोडीवर बांधून ते चालूही करून पाहिले. आता त्याभोवती बुटकी, एकाच आसनाची, माझ्या मनासारखी मोटारसायकल उभी करायची आहे आणि ही माझी पहिलीच आहे. ओळखीचे फॅब्रिकेशनवाले नवी फ्रेम वाकवून देतो म्हणतात. एका मित्राकडे जपानी धाटणीच्या गाडीची, इंजिनाखालून दोन नळ्या जाणारी फ्रेम पडून आहे. बुलेटच्या जुन्या फ्रेमला लोक फार पैसे मागतात. या इंजिनाला कोणती फ्रेम बसेल आणि ती बसेल की नाही हे विकत घेण्याआधी कसे ओळखावे? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : मामींनी इंजिन राखून ठेवले आणि आपण ते स्वतःच्या हातांनी जुळवले, याचे मोल मी जाणतो. म्हणूनच आधी कागदपत्रांचे सांगतो, कारण हे इंजिन पुन्हा रस्त्यावर येणार की नाही हे फ्रेमच्या मापांपेक्षा फ्रेमच्या कागदांवर अधिक अवलंबून आहे. आपल्या पत्रात इंजिन म्हणजे मोटारसायकल आणि फ्रेम म्हणजे तिला लागणारा एक सुटा भाग, असे गृहीत धरलेले दिसते. पहिली गाडी बांधणारा जवळपास प्रत्येक जण असेच धरून चालतो, कारण जीव जडतो तो इंजिनावर. आरटीओच्या दप्तरात मात्र हे उलटे आहे. तेथे वाहनाची ओळख चेसिस क्रमांकाशी, म्हणजे फ्रेमवर ठोकलेल्या क्रमांकाशी, बांधलेली असते. इंजिन बदलले तर त्याची नोंद करून घेता येते, पण चेसिस गेली की ते वाहनच उरत नाही. मामांच्या बुलेटची चेसिस भंगारात गेली तेव्हाच ती गाडी कायद्याच्या दृष्टीने संपली. तिचे आरसी बुक आज आपल्याजवळ असले तरी ते दुसऱ्या फ्रेमला लावता येणार नाही. कायद्याप्रमाणे नष्ट झालेल्या वाहनाची माहिती आरटीओला देऊन नोंदणी रद्द करून घ्यावी लागते. ते काम राहिले असेल तर मामींच्या वतीने आधी पूर्ण करावे आणि त्याची प्रत जपून ठेवावी, कारण हे इंजिन आपल्याकडे कोठून आले याचा तोच चांगला पुरावा ठरेल.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा हाच अर्थ स्पष्ट केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये अशा प्रत्येक फेरफारासाठी ५,००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. त्याच बनावटीचे आणि त्याच प्रकारचे इंजिन मात्र आरटीओची परवानगी घेऊन बदलता येते आणि तशी नोंद आरसीवर करून घेता येते. आपल्यापुढचे तीनही पर्याय या एका वाक्याच्या उजेडात पाहिले की निवड बरीच सोपी होते.

फॅब्रिकेशनवाल्याने वाकवून दिलेल्या फ्रेमला चेसिस क्रमांकच नसेल. आपल्याकडे रस्त्यावर धावणाऱ्या वाहनाच्या प्रकाराला पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत चाचणी संस्थेची मान्यता लागते, आणि ती सगळी प्रक्रिया उत्पादकांसाठी आखलेली आहे. ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या एकाच मोटारसायकलीची स्वतंत्र तपासणी करून तिची नोंदणी करण्याची व्यवस्था आहे. आपल्याकडे एकट्या हौशी माणसाला परवडेल असा तसा मार्ग नाही. तेव्हा हाताने बांधलेली फ्रेम प्रदर्शनात मांडण्यासाठी किंवा खाजगी जागेत फिरवण्यासाठी ठीक आहे, परंतु इचलकरंजीहून कोल्हापूरला जाण्यासाठी नाही. मित्राकडच्या फ्रेमला कदाचित आरसी असेल, पण त्या आरसीवर दुसऱ्या कंपनीचे, दुसऱ्या क्षमतेचे इंजिन लिहिलेले असणार. तेथे बुलेटचे इंजिन नोंदवून मिळणार नाही, आणि नोंद नसताना अपघात झाला तर विमा कंपनीला भरपाई नाकारण्यास आयते कारण मिळेल.

आता यंत्राच्या बाजूने पाहू, कारण केवळ कायद्यावर बोट ठेवून मी आपल्याला परत पाठवू इच्छित नाही. आपल्या बुलेटच्या इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनचा वरखालचा पल्ला) ९० मिलिमीटर आणि क्षमता ३४६ सीसी आहे. लांब स्ट्रोकमुळे ते उंच आहे, एकाच सिलिंडरमुळे त्याचे हादरे मोठे आहेत, आणि त्याची मूळ फ्रेम इंजिनाखालून जातच नाही. पुढची एकच नळी हँडलपासून खाली येते आणि क्रँककेसच्या (इंजिनाच्या खालच्या ओतीव पेटीच्या) तोंडाशी प्लेटांना बोल्टने बांधली जाते. मागच्या बाजूला गिअरबॉक्सच्या पाठीमागे पुन्हा प्लेटा येतात. मधला सगळा भाग इंजिनाचाच असतो. म्हणजे आपले इंजिन केवळ फ्रेममध्ये बसलेले नसते, तर ते फ्रेमचा एक हिस्सा होऊन तिचा ताण वाहते. ओतीव क्रँककेस इतके भक्कम केलेले आहे ते काही अंशी यासाठीच. मित्राकडची दुहेरी नळ्यांची फ्रेम इंजिनाला पाळण्यासारखी खालून उचलून धरते. अशा पाळण्यात बुलेटचे इंजिन तत्त्वतः बसवता येईल, परंतु त्या पाळण्याची उंची आणि रुंदी वेगळ्याच आकाराच्या इंजिनासाठी ठरवलेली असणार.

त्याहून मोठी अडचण पायाशी आहे. जुन्या बुलेटचे गिअर उजव्या पायाने आणि मागचा ब्रेक डाव्या पायाने लावायचा असतो. जपानी धाटणीच्या फ्रेमवर ब्रेकच्या पेडलाची खुंटी उजवीकडे असते. दोन्ही एकाच पायाखाली आले की एकाला दुसऱ्या बाजूला न्यावे लागते. ब्रेक हलवायचा तर मागच्या ड्रमपर्यंत जाणारा दांडा, पेडलाची खुंटी, कधी कधी आडवा शाफ्ट असे सगळेच नव्याने करावे लागते. ब्रेकच्या बाबतीत असे प्रयोग पहिल्याच गाडीवर करू नयेत, असे माझे ठाम मत आहे.

म्हणून माझा सल्ला असा की आपण फ्रेम शोधूच नये. त्याऐवजी इंजिन गेलेली, पण कागद जिवंत असलेली जुनी बुलेट शोधावी. बाजारात बुलेटची किंमत मुख्यतः इंजिनाच्या स्थितीवर ठरते. ज्या गाडीचे क्रँक तुटले आहे किंवा क्रँककेसला तडा गेला आहे, तिचा मालक उतरत्या भावाला तयार होतो, आणि आपल्याला तर नेमके तेच नको आहे. गाडी लोखंडी सिलिंडरच्या आणि आपल्याच गिअरबॉक्सच्या काळातली असावी. २००९ च्या सुमारास बुलेटच्या घराण्यात इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच ओतकामात असलेली नवी इंजिने आली. व्यास आणि स्ट्रोक तेच राहिले, पण पकडीच्या जागा बदलल्या, त्यामुळे त्या फ्रेम आपल्या कामाच्या नाहीत. गाडी आधी स्वतःच्या नावावर करून घ्यावी, पंधरा वर्षांनंतरची नोंदणी नूतनीकृत आहे याची खात्री करावी, आणि त्यानंतरच इंजिन बदलण्याचा अर्ज करावा. हा क्रम उलटा झाला की दुसऱ्याच्या नावावरच्या गाडीत आपण आपले इंजिन बसवून बसतो आणि मग प्रत्येक सहीसाठी मूळ मालकाच्या दारात उभे राहावे लागते.

फ्रेम त्याच घराण्यातली असली तरी मापे घ्यावीतच, कारण जुनी फ्रेम कोणीतरी कधीतरी वाकवलेली किंवा जोडलेली असू शकते. मोजमापाची पद्धत एकच आहे आणि ती कोणत्याही इंजिनाला लागू पडते. इंजिन सपाट टेबलावर मूळ गाडीत जसे उभे असते तसे उभे करावे. बुलेटचे सिलिंडर सरळ उभे असल्याने ओळंबा सोडून ते पाहता येते. गिअरबॉक्सच्या स्प्रॉकेटचा (साखळीच्या दातेरी चाकाचा) मध्य हा मूळ बिंदू मानावा आणि तेथून प्रत्येक फाउंडेशन बोल्टच्या, म्हणजे इंजिन फ्रेमला बांधणाऱ्या बोल्टच्या, छिद्राचे पुढेमागचे, वरखालचे आणि आडवे अंतर कागदावर लिहावे. फ्रेमवर मूळ बिंदू स्विंग आर्मच्या (मागचे चाक धरून वरखाली हलणाऱ्या दुहेरी दांड्याच्या) पिनेचा मध्य असतो, आणि तेथूनही तशीच मापे घ्यावीत. हे दोन कागद एकमेकांशेजारी ठेवले की कोणते छिद्र जुळते आणि कोणते जुळत नाही, हे एक पैसाही खर्च न करता समजते.

या सगळ्या मापांत मी साखळीच्या रेषेला सर्वांत वर ठेवतो. पुढचे स्प्रॉकेट आणि मागचे स्प्रॉकेट एकाच पातळीत, एक-दोन मिलिमीटरच्या आत असले पाहिजे. इंजिन फ्रेमच्या बरोबर मध्यभागी बसवण्याच्या नादात नवशिके हेच विसरतात. इंजिनाची मधली रेषा आणि फ्रेमची मधली रेषा किंचित वेगळी असली तरी चालते, कित्येक कारखान्यांच्या गाड्यांतही तशी असते, पण साखळी तिरपी चालली तर ती स्प्रॉकेटचे दात खाते आणि वेगात असताना उतरू शकते. उतरलेली साखळी मागच्या चाकाला जागच्या जागी अडकवते. मी बांधलेल्या पहिल्या गाडीत इंजिन मी सिलिंडर पाहून मध्यभागी बसवले, प्लेटा कापल्या, छिद्रे पाडली, रंग दिला, आणि शेवटी मागचे चाक घातल्यावर साखळी नऊ मिलिमीटर बाहेर पडत असल्याचे दिसले. सर्व प्लेटा फेकून पुन्हा केल्या. तेव्हापासून मी मागचे चाक, स्प्रॉकेट आणि साखळी फ्रेममध्ये लावल्याखेरीज इंजिनाची जागा ठरवत नाही.

स्प्रॉकेट आणि स्विंग आर्मची पिन यांच्यातील अंतरही मूळ गाडीइतकेच ठेवावे. चाक वरखाली होताना हे दोन मध्य आणि मागच्या आसाचा मध्य एका रेषेत आले की साखळी सर्वांत ताणलेली असते. स्प्रॉकेट पिनेपासून जितके दूर, तितका हा ताण जास्त बदलतो. त्यामुळे साखळीची ढील नेहमी त्या एका रेषेच्या स्थितीत तपासावी.

मोकळी जागा पाहताना आजची सोय पाहू नये, तर दोन वर्षांनी हेड उतरवावे लागेल तो दिवस डोळ्यांसमोर आणावा. टाकी काढल्यावर बुलेटचे हेड स्टडांवरून वर सरकून बाहेर निघाले पाहिजे. रॉकरची झाकणे उघडून टॅपेट लावता आले पाहिजेत, कार्ब्युरेटर मागे सरकवायला जागा हवी, किक पूर्ण फिरली पाहिजे आणि ऑइलचा ड्रेन बोल्ट पान्याच्या आवाक्यात असला पाहिजे. या बाबतीत बुलेटचे इंजिन मोठे उपकारक आहे. त्याच्या ऑइलसाठी क्रँककेसच्या ओतकामातच कप्पा केलेला असल्याने जुन्या ब्रिटिश गाड्यांप्रमाणे वेगळी ऑइलची टाकी बसवावी लागत नाही, आणि आसनाखालची जागा आपल्याला मोकळी मिळते. पुढच्या फोर्कच्या स्प्रिंगा काढून फोर्क पूर्ण दाबून पाहावा. त्या स्थितीत चाक किंवा मडगार्ड सायलेन्सरच्या पाइपाला लागत असेल, तर पहिल्या मोठ्या खड्ड्यात ते कळण्यापेक्षा घरी कळलेले बरे.

बुटकेपणाच्या हौसेविषयी शेवटचे. फ्रेम कापू नका. एकच स्प्रिंगचे आसन, लहान मडगार्ड, वेगळे हँडल, वेगळी टाकी या सगळ्या बोल्टने निघणाऱ्या गोष्टी आहेत, आणि गाडीचे रूप त्यांनीच बदलते. मागचे शॉकॲब्सॉर्बर आखूड केले तर गाडी खाली येते हे खरे, पण त्याबरोबर हँडलची नळी मागे कलते, पुढचा ट्रेल (हँडलच्या नळीची रेषा जमिनीला मिळते तेथपासून चाक जमिनीला टेकते तेथपर्यंतचे अंतर) वाढतो, वळताना गाडी जड लागते आणि स्टँड रस्त्याला घासू लागतो. आधी आसन खाली आणून पाहावे. बहुतेकांचे समाधान तेवढ्यावर होते.

प्रश्न : ब्रिटनमध्ये तरुण मुले एका कंपनीच्या फ्रेममध्ये दुसऱ्या कंपनीचे इंजिन घालून 'ट्रायटन' नावाच्या गाड्या बनवत, असे ऐकले आहे. त्यांना हे कसे जमत असे? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : ट्रायटन म्हणजे नॉर्टनची फ्रेम आणि ट्रायम्फचे इंजिन. बेलफास्टच्या रेक्स मॅकँडलेस यांनी आखलेली नॉर्टनची फ्रेम १९५० मध्ये शर्यतीत उतरली. ती चालवताना पिसांच्या गादीवर बसल्यासारखे वाटते, असे हॅरल्ड डॅनिएल हा शर्यतपटू म्हणाला आणि 'फेदरबेड' हे नाव तिला कायमचे चिकटले. त्या वर्षी जेफ ड्यूकने आइल ऑफ मॅन बेटावरची सीनियर टीटी ही मोटारसायकल शर्यत याच फ्रेमवर जिंकली. वळणावर तिच्या जोडीला दुसरी फ्रेम नव्हती. दुसरीकडे ट्रायम्फचे दोन सिलिंडरचे इंजिन ताकदीचे, सहज मिळणारे आणि दुरुस्तीला सोपे होते. दोन्हींतले उत्तम एकत्र आणावे असे तरुणांना वाटणे स्वाभाविक होते.

त्यांना सुट्या फ्रेम मिळत यामागचे एक कारण मोठे मजेदार आहे. त्या काळात ५०० सीसीच्या छोट्या शर्यती मोटारींत नॉर्टनच्या मँक्स गाडीचे इंजिन वापरले जाई. नॉर्टन ते इंजिन सुटे विकत नसे, म्हणून मोटारवाल्यांना अख्खी मोटारसायकल घ्यावी लागे, आणि इंजिन काढून घेतल्यावर उरलेली फ्रेम ते विकून टाकत. म्हणजे आपल्या इचलकरंजीच्या वाचकाला जी गोष्ट सर्वांत दुर्मीळ आहे, ती त्या मुलांना उरलासुरला माल म्हणून मिळत होती.

पण ते जमण्याचे खरे कारण फ्रेमच्या रचनेत आहे. फेदरबेडच्या दोन्ही बाजूंच्या नळ्या हँडलपासून निघून, इंजिनाखालून जाऊन पुन्हा वर येतात आणि आपापले वेटोळे पूर्ण करतात. तिला ताठपणासाठी इंजिनावर विसंबावे लागत नाही. त्या वेटोळ्यात जे मावेल ते जाड प्लेटांनी लटकवता येते. शिवाय १९६२ पर्यंतच्या ६५० सीसी ट्रायम्फचा गिअरबॉक्स इंजिनापासून वेगळा असे, त्यामुळे इंजिन कोठे बसवायचे आणि साखळीची रेषा कोठे न्यायची हे दोन निर्णय निरनिराळे घेता येत. १९६३ पासून इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच केसमध्ये आल्यावर ही मोकळीक गेली. जुन्या बुलेटच्या फ्रेममध्ये परके इंजिन घालणे इतके अवघड का, याचे उत्तरही येथेच आहे. तेथे इंजिन काढले की फ्रेमचा तळच नाहीसा होतो, आणि मग नव्या प्लेटा केवळ इंजिन धरण्यासाठी पुरत नाहीत, त्यांना फ्रेमचा ताणही वाहावा लागतो. तसा हिशेब मांडण्याची तयारी नसेल तर त्या वाटेला जाऊ नये.

प्रश्न : पुण्याच्या जुन्या बाजारात एक फ्रेम पाहिली. रंग नवा आहे, विकणारा पावती देतो म्हणतो. ती सरळ आहे की वाकलेली हे कसे पाहावे? (एक वाचिका, पिंपरी)

उत्तर : आपण लिहिलेल्या दोन गोष्टींनी, नवा रंग आणि केवळ पावती, मला आधीच सावध केले आहे. पावतीने गाडीची मालकी येत नाही. ज्या फ्रेमबरोबर मूळ आरसी आणि आरसीवरच्या मालकाची सही मिळत नाही, ती कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. ती चोरीची निघाली तर फ्रेम जाईलच, शिवाय पोलीस चौकशीही आपल्याच मागे लागेल. चेसिस क्रमांक बहुधा हँडलच्या नळीजवळ ठोकलेला असतो. तेथला रंग पातळ खरवडून पाहावा. आजूबाजूचा धातू कानशीने घासल्यासारखा खोलगट असेल, अक्षरांची खोली किंवा ठेवण एकसारखी नसेल, किंवा क्रमांकाचा तुकडाच वेगळा जोडलेला दिसत असेल, तर तेथून निघून यावे.

वाकलेपणा पाहण्याची सोपी रीत सांगतो ती दोन सरळ दांड्यांची. एक दांडा हँडलच्या नळीतून आणि दुसरा स्विंग आर्मच्या पिनेच्या छिद्रातून घालावा. दुसरा दांडा दोन्ही बाजूंना सारखाच बाहेर ठेवावा. मग हँडलच्या नळीच्या खालच्या मध्यापासून त्या दांड्याच्या डाव्या आणि उजव्या टोकापर्यंत सुतळीने अंतर मोजावे. दोन्ही अंतरे सारखी हवीत. दोन मिलिमीटरचा फरक मी सोडून देतो, पाच मिलिमीटरचा सोडत नाही. त्यानंतर समोर उभे राहून एका डोळ्याने पाहावे. हँडलच्या नळीतला दांडा आडव्या दांड्याशी काटकोनात दिसला पाहिजे. एकीकडे कललेला दिसला तर फ्रेम पिळली आहे.

समोरून धडक बसलेल्या गाडीत पहिली खूण हँडलच्या नळीच्या खाली, पुढच्या नळीच्या पाठीमागच्या बाजूस दिसते. तेथे सुरकुती किंवा फुगवटा असतो, आणि नेमका तोच झाकण्यासाठी पुट्टी भरून रंग दिलेला असतो. लोहचुंबक फिरवून पाहावे. पुट्टीवर तो नीट चिकटत नाही. गंज मात्र आतून येतो, पाणी साचणाऱ्या सर्वांत खालच्या जागी. लहान हातोडीने नळी टकटक वाजवत जावे. चांगली नळी खणखणीत वाजते, आतून खाल्लेली बद्द वाजते, आणि एकदा दोन्ही आवाज शेजारी शेजारी ऐकले की पुन्हा शिकवावे लागत नाही.

एक विनंती आहे. फ्रेम ५० वर्षांहून जुनी, मूळ इंजिनासह आणि कागदांसह असेल, तर ती कापण्याचा किंवा तिच्यात दुसरे इंजिन घालण्याचा विचार करू नये. २०२१ च्या नियमांनी अशा मूळ रूपातील गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी दिली आहे, आणि चेसिसमध्ये किंवा इंजिनात फेरफार केला की तो दर्जा मिळत नाही. आपल्या प्रकल्पासाठी दुसरी फ्रेम मिळेल, त्या गाडीला दुसरे आयुष्य मिळणार नाही.

प्रश्न : इंजिनाच्या प्लेटा किती जाड घ्याव्यात आणि फ्रेमला कान (प्लेटा बोल्टने बांधण्यासाठीचे लोखंडी तुकडे) जोडण्यासाठी साधे आर्क वेल्डिंग चालेल का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : मोठ्या सिंगल इंजिनासाठी माइल्ड स्टीलची ६ मिलिमीटर प्लेट घ्यावी. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापावा, मग प्लायवुडचा, आणि तो बोल्टने बसवून साखळी, किक, पाइप सगळे पाहून झाल्यावरच लोखंडाला हात लावावा. छिद्रे बोल्टपेक्षा सैल नकोत. सैल छिद्रातला बोल्ट कितीही आवळला तरी इंजिन हळूहळू जागा सोडते आणि छिद्र अंडाकृती होते. छिद्रे ड्रिलने थोडी कमी पाडून रीमरने मापाला आणून घ्यावीत. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा आपल्या साताऱ्याच्या एमआयडीसीत हे काम करून देणारे टर्नर मिळतील.

फ्रेमच्या मुख्य नळ्यांवर वेल्डिंग टाळावे, हे वर कायद्याच्या संदर्भात आलेच आहे. मूळ कान तुटलेला असेल आणि तो त्याच जागी, त्याच मापाने पुन्हा बसवायचा असेल, तर आर्गॉन वेल्डिंग करून घ्यावे. पातळ नळीवर आर्कची रॉड फार उष्णता ओतते, नळी जोडाशेजारी ठिसूळ होते आणि पुढे तडा जोडात न जाता त्याच्या कडेला जातो. रिकामे क्रँककेस बोल्टने जागेवर बांधून फक्त टाके मारावेत, मग क्रँककेस काढून डावी-उजवी बाजू आलटून पालटून वेल्डिंग पूर्ण करावे. जुळवलेले इंजिन आत ठेवून वेल्डिंग कधीही करू नये, कारण करंट बेअरिंगांतून जाऊन त्यांच्या गोळ्यांवर डाग पाडतो. दिसायला गुळगुळीत व्हावे म्हणून जोड ग्राइंडरने घासू नये, त्याने नेमका भार घेणारा धातू निघून जातो. पहिल्या १०० किलोमीटरनंतर सगळे फाउंडेशन बोल्ट पुन्हा आवळावेत, आणि प्लेटांच्या कडांवरच्या रंगात केसासारखी रेघ उमटली आहे का, ते गाडी उन्हात उभी करून पाहावे.